अपोहन-नालव्रण
मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या व्यक्तीचे रक्त यंत्राने वारंवार शुद्ध करता यावे, यासाठी रोहिणी व नीला यांच्यात शस्त्रक्रियेने जो थेट जोड निर्माण करतात, त्यास अपोहन-नालव्रण म्हणतात. रक्ताचे अपोहन म्हणजे व्यवहारात रूढ असलेले डायलिसिस होय. रुग्ण व परिचारिका या जोडास सर्रास फिस्टुला असेच म्हणतात. मनगटाजवळ ज्या रोहिणीवर नाडी पाहतात, तिच्यातून निरोगी माणसात दर मिनिटास सु. २०–३० मिलि. रक्त वाहते. ती शेजारच्या नीलेस जोडताच हा प्रवाह काही पटींनी वाढतो आणि पुढील काही आठवड्यांत नीला रुंदावून व तिची भित्ती जाड होऊन तो ६००–१,००० मिलि. पर्यंत जातो. अपोहन यंत्रास दर मिनिटास २५०–४०० मिलि. रक्त लागते. साधी नीला एवढे रक्त देऊ शकत नाही आणि रोहिणी खोल असून तिच्यात वारंवार सुई टोचणे धोक्याचे असते. नालव्रणामुळे कातडीखालची नीला रोहिणीसारखी भरून वाहू लागते व तिच्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे सुई घालता येते.

रोहिणीतले रक्त ऊतकांतील केशवाहिन्यांत न जाता मधल्या वाटेने नीलेत परतणे ही मुळात विकृती आहे. वैद्यक तिला दोन शतके विकृती म्हणूनच ओळखत होते. तिचा हृदयावर, मिठाच्या व पाण्याच्या समतोलावर आणि त्या समतोलाचे नियमन करणाऱ्या हॉर्मोनांवर होणारा परिणाम नालव्रण हा उपचार होण्यापूर्वीच बराचसा अभ्यासला गेला होता. मात्र उपचार रूढ झाल्यावर तो अभ्यास दीर्घकाळ बाजूला पडला. वाशिमसारख्या जिल्ह्यात आज या माहितीस व्यावहारिक महत्त्व आले आहे. तेथे अपोहन आता जिल्ह्याच्या ठिकाणी होते. परंतु नालव्रण केव्हा करावा, तो किती मोठा असावा आणि मूत्रपिंड-रोपणानंतर तो ठेवावा की बंद करावा, हे निर्णय बहुधा दूरच्या शहरांत घेतले जातात.

विकृतीचा इतिहास : रोहिणी-नीला नालव्रणाचे पहिले स्पष्ट वर्णन विल्यम हंटर (१७१८–८३) यांनी १७५७ मध्ये लंडन येथे केले. त्या काळी नाना व्याधींवर कोपराच्या खळगीतील शीर तोडून रक्त काढण्याची प्रथा यूरोपात सार्वत्रिक होती. आपल्याकडील रक्तमोक्षणाचीच ती एक जातकुळी म्हणता येईल. शीर तोडणाऱ्याचा हात चुकून शस्त्र नीलेच्या आरपार जाऊन खालच्या रोहिणीस लागले, तर दोन्ही वाहिन्या एकमेकींस जोडलेल्या अवस्थेत बऱ्या होत. अशा जागी फुगलेली नीला, बोटांस जाणवणारी सततची थरथर आणि कानास ऐकू येणारा घुमणारा आवाज ही लक्षणे हंटर यांनी नोंदविली. आज अपोहन-कक्षातील परिचारिका नालव्रण चालू आहे की नाही हे याच लक्षणांवरून ठरवते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक विलक्षण निरीक्षण पुढे आले. निकोलादोनी यांनी १८७५ मध्ये व ब्रॅनहॅम यांनी १८९० मध्ये स्वतंत्रपणे असे दाखविले की, मोठा नालव्रण बोटाने दाबून बंद केल्यास रुग्णाच्या हृदयाचे ठोके तत्काळ मंदावतात. नालव्रण ही रक्ताला मिळालेली कमी रोधाची वाट असते. ती बंद होताच रोहिणींतील दाब चढतो, मानेतील व महारोहिणीतील दाबग्राहक तंतू त्याची वार्ता मेंदूस देतात आणि मेंदू हृदयाचा वेग कमी करतो. हातातील किंवा मांडीतील एका छिद्राची दखल सबंध शरीर घेत असते, हे या साध्या चाचणीने सिद्ध झाले. पुढे अमेरिकन शल्यचिकित्सक एमिल होल्मन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून मोठ्या नालव्रणामुळे रक्ताचे एकूण घनफळ वाढते, हृदय विस्तारते आणि नालव्रण बंद केल्यावर हे बदल बऱ्याच अंशी मागे फिरतात, असे दाखविले.

रक्ताचे घनफळ वाढण्यासाठी लागणारे मीठ व पाणी शरीर कोठून आणते, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर १९५३ मध्ये फ्रँक्लिन एप्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरील निरीक्षणांतून दिले. जखमांमुळे मोठे नालव्रण झालेल्या पुरुषांमध्ये तो जोड दाबून बंद करताच मूत्रातील सोडियमाचे प्रमाण थोड्याच वेळात वाढले. मूत्रपिंडातील गाळण्याच्या वेगात मात्र त्याला पुरेसे कारण ठरेल असा बदल आढळला नाही. याचा अर्थ असा की, नालव्रण चालू असताना मूत्रपिंडे मीठ राखून ठेवत होती आणि तो आदेश त्यांना रोहिणींतील रक्तभरणावरून मिळत होता. एकूण रक्त पुरेसे, किंबहुना अधिक असूनही रोहिणींच्या बाजूस ते अपुरे पडत असल्याची मूत्रपिंडांची समजूत होत होती. हृद्‌विफलता व यकृतविकार यांत अंगास सूज का येते, हे समजावून देणाऱ्या पुढील विचारांत या निरीक्षणाचा मोठा वाटा आहे. अधिवृक्क ग्रंथीतील आल्डोस्टेरोन हे मीठ राखणारे हॉर्मोन सिल्व्हिया सिम्पसन व जेम्स टेट यांनी राइखश्टाइन यांच्या सहकार्याने शुद्ध रूपात वेगळे केले ते याच वर्षी. दहा-अकरा वर्षांतच जेम्स डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी महारोहिणी व महानीला यांच्यात जोड केलेल्या कुत्र्यांत आल्डोस्टेरोनाचा स्राव वाढल्याचे दाखविले. या साखळीचा पहिला दुवा असलेले रेनीन हे मूत्रपिंडातील द्रव्य टिगरस्टेट व बर्गमन यांनी १८९८ मध्येच शोधले होते.

या चित्राची दुसरी बाजू समजण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १९६१ मध्ये डी वॉर्डनर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, रक्ताचे घनफळ वाढविल्यास गाळण्याचा वेग व अधिवृक्कातील हॉर्मोने यांनी उलगडत नाही एवढे सोडियम मूत्रातून बाहेर पडते. तेव्हा तिसरा एखादा कारक असला पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. तो कारक पुढे अनपेक्षित जागी सापडला. कॅनडातील आदोल्फो दे बोल्द यांनी १९८१ मध्ये उंदराच्या हृदयातील अलिंदांचा अर्क दुसऱ्या उंदरास टोचला असता त्यास भरपूर मीठ व मूत्र होऊ लागले. हृदय ही हॉर्मोन तयार करणारी ग्रंथीही आहे, हे यावरून कळले. अलिंदे ताणली गेली की ती अलिंदीय सोडियमोत्सर्जक पेप्टाइड रक्तात सोडतात. त्याच कुळातील दुसरे पेप्टाइड १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत आढळले; त्याचा मुख्य उगम हृदयाच्या निलयांत असतो, हे मागाहून स्पष्ट झाले.

उपचाराचा इतिहास : टॉमस ग्रॅहॅम (१८०५–६९) यांनी १८६१ मध्ये पटलातून लहान रेणू वेगळे करण्याच्या क्रियेस अपोहन या अर्थाची संज्ञा दिली. १९१३ मध्ये बॉल्टिमोर येथे एबल व त्यांचे सहकारी यांनी प्राण्यांचे रक्त कोलोडियनाच्या नळ्यांतून फिरविले. रक्त गोठू नये म्हणून त्यांना जळवांच्या लाळेतील द्रव्य वापरावे लागले. माणसावर पहिला प्रयोग गेओर्ख हास यांनी १९२४ मध्ये गीसेन येथे केला. यंत्राला खरे व्यवहार्य रूप दिले ते व्हिलेम कॉल्फ (१९११–२००९) यांनी, जर्मनांच्या ताब्यातील नेदर्लंड्समध्ये, कांपेन या लहानशा गावातील रुग्णालयात, १९४३ मध्ये. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरण्यात येणारा सेलोफेन आणि फिरते लाकडी पिंप यांवर ते यंत्र उभे होते.

कॉल्फ यांच्या पहिल्या रुग्णांपैकी एक एकोणतीस वर्षांची तरुणी होती. बारा वेळा अपोहन झाल्यावर तिच्या हातापायांत कापण्याजोगी वाहिनीच उरली नाही आणि ती दगावली. यंत्र चालत होते, रक्त शुद्ध होत होते. अडले ते शरीरात शिरण्याच्या वाटेपाशी. पुढील सतरा वर्षे म्हणूनच अपोहन हा थोड्या दिवसांच्या, तात्पुरत्या मूत्रपिंड-विफलतेवरील उपचार राहिला. १९६० च्या मार्चमध्ये सीॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर (१९२१–२००३) यांनी टेफ्लॉनच्या दोन नळ्या रुग्णाच्या हातातील रोहिणी व नीला यांत कायमच्या बसवून त्यांची टोके कातडीबाहेर एकमेकींस जोडली. कायमचे निकामी मूत्रपिंड असलेला माणूस यामुळे प्रथमच वर्षानुवर्षे जगू लागला. परंतु बाहेर राहिलेल्या नळ्यांत रक्ताच्या गुठळ्या होत, जखमेत पू होई आणि नळी अकस्मात निसटली तर जीवावर बेते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात मायकेल ब्रेशिया व जेम्स सिमिनो हे नळीवाचून काम भागविण्याच्या प्रयत्नात होते. युद्धातील जखमेमुळे झालेले नालव्रण बाळगून माणसे दीर्घकाळ जगतात, हे वैद्यकास माहीत होते. मग अशी विकृती मुद्दामच, पण बेताच्या आकाराची का करू नये, असा विचार पुढे आला. शल्यचिकित्सक केनेथ ॲपेल यांनी १९ फेब्रुवारी १९६५ रोजी मनगटापाशी असा पहिला जोड केला. चौदा रुग्णांवरील अनुभवाचा वृत्तांत १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. मनगटाजवळील हा नालव्रण तेव्हापासून ब्रेशिया-सिमिनो या नावाने ओळखला जातो. ज्यांच्या नीला बारीक असतात त्यांच्यासाठी १९७० नंतरच्या दशकात कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या; तरी टिकाऊपणा व जंतुसंसर्गाचा कमी धोका यांमुळे स्वतःच्या नीलेचा नालव्रणच श्रेष्ठ मानला जातो. हंटर ज्यास शस्त्र चालविणाऱ्याची चूक समजत होते, तेच आता शल्यचिकित्सकाचे कौशल्य ठरले.

हॉर्मोनांवरील परिणाम : नालव्रण झाल्यावर सर्वांगातील रक्तप्रवाहाचा रोध घटतो, रक्तदाब थोडा उतरतो आणि हृदय दर मिनिटास अधिक रक्त फेकू लागते. सुरुवातीस रोहिणींच्या बाजूस रक्त कमी पडल्याची जाणीव होऊन अनुकंपी तंत्रिका तंत्र व रेनीन-अँजिओटेन्सीन-आल्डोस्टेरोन ही साखळी जागी होते. मीठ व पाणी राखले जाते, रक्ताचे घनफळ वाढते. परत येणाऱ्या जादा रक्ताने अलिंदे ताणली जातात व सोडियमोत्सर्जक पेप्टाइडांचे प्रमाण चढते. त्यांच्या प्रभावाने रेनीन व आल्डोस्टेरोन पुन्हा खाली येतात आणि एक नवा समतोल साधतो. अपोहन सुरू होण्याच्या बेतात असलेल्या रुग्णांवर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इझ्राएली अभ्यासात नालव्रणानंतरच्या दोन आठवड्यांत अलिंदीय पेप्टाइड वाढलेले व रेनीन-आल्डोस्टेरोन घटलेले आढळले. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी पेप्टाइडांची ही वाढ शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच दिसू लागते, असे दाखविले.

हा समतोल प्रत्येकास साधत नाही. मोठा नालव्रण केलेल्या उंदरांचे दोन गट पडतात : काही थोड्या दिवसांत मीठ पुन्हा पूर्ववत उत्सर्जित करू लागतात, उरलेल्यांत अलिंदीय पेप्टाइड भरपूर असूनही आल्डोस्टेरोन चढेच राहते, मूत्रपिंडे पेप्टाइडास दाद देत नाहीत व प्राणी सुजून मरतो. माणसात प्रवाह मिनिटास दीड-दोन लिटरांच्या पुढे गेला, किंवा हृदय आधीच दुर्बल असले, तर अशाच प्रकारची हृद्‌विफलता संभवते. पांडुरोग असल्यास धोका वाढतो, कारण पातळ रक्ताची उणीव भरून काढण्यासाठी हृदय आधीच जादा राबत असते. रक्तपेशी निर्माण करविणारे एरिथ्रोपोएटिन हे हॉर्मोन मूत्रपिंडात तयार होते. निकामी मूत्रपिंडात ते पुरेसे होत नाही व नालव्रणामुळे ते परतही येत नाही. १९८९ पासून ते औषध म्हणून उपलब्ध झाले, तेव्हापासून नालव्रणाचा भार रुग्णाच्या हृदयास काहीसा सुसह्य झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

मूत्रपिंडांच्या कार्यावरील परिणाम : हा भाग वादाचा आहे. नालव्रणामुळे रक्तदाब उतरतो व सोडियमोत्सर्जक पेप्टाइडे मूत्रपिंडातील गाळण्यास अनुकूल असतात, तेव्हा उरलेसुरले मूत्रपिंड अधिक काळ टिकेल, अशी कल्पना करता येते. २०१५ नंतर अमेरिकेतील निरीक्षणांत खरोखरच असे आढळले की, नालव्रण झाल्यानंतर मूत्रपिंडाचे कार्य घसरण्याचा वेग मंदावतो. तथापि यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. नालव्रण करण्याच्या सुमारास रुग्ण तज्ञाच्या नजरेखाली येतो, त्याची औषधे व पथ्य सुधारतात. शिवाय रुग्णाचे स्नायू झिजले की रक्तातील क्रिॲटिनीन कमी दिसते आणि त्यावरून काढलेला गाळण्याचा वेग खऱ्यापेक्षा चांगला भासतो. उलट बाजूने, अधिक रक्त नालव्रणाकडे वळल्याने मूत्रपिंडास ते कमी मिळेल, ही शंकाही शरीरक्रियेच्या दृष्टीने निराधार नाही. केवळ मूत्रपिंड वाचविण्यासाठी नालव्रण करावा असे म्हणण्याइतका पुरावा नाही. वेळेवर केलेला नालव्रण उरलेल्या कार्यास घातक ठरतो, ही भीतीही पुराव्यास धरून नाही.

रोपणानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. नवे मूत्रपिंड नीट चालू लागले की नालव्रण निरुपयोगी होतो, पण हृदयावरील भार कायम राहतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत नालव्रण बंद केल्यानंतर डाव्या निलयाचे वाढलेले वस्तुमान घटले. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट बेल्जियममधील लीएझ येथील २०१७ च्या निरीक्षणात नालव्रण बंद झाल्यावर रोपित मूत्रपिंडाचे कार्य अधिक वेगाने घसरल्याचे आढळले. हृदयाचा लाभ व मूत्रपिंडाची संभाव्य हानी यांचा तोल प्रत्येक रुग्णात वेगळा ठरतो. रोपित मूत्रपिंड पुढे निकामी झाले तर लागणारी वाट आपण मिटवीत आहोत, हेही शल्यचिकित्सकास विसरता येत नाही.

महाराष्ट्र व वाशिम जिल्हा : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंड-रोपणाचा प्रयत्न झाला. भारतातील पहिले यशस्वी रोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. अपोहन हा शब्द सामान्य वृत्तपत्रवाचकाच्या परिचयाचा झाला तो मात्र जयप्रकाश नारायण (१९०२–७९) यांच्या आजारामुळे. आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले आणि तेथे डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे अपोहन सुरू झाले. सत्तरी उलटलेला माणूस अपोहनावर जवळजवळ चार वर्षे जगला व त्या अवस्थेत देशाच्या राजकारणास त्याने वळण दिले, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. मार्च १९७९ मध्ये तर ते हयात असताना त्यांच्या निधनाची घोषणा संसदेत झाली होती. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटणा येथे त्यांचे निधन झाले.

जयप्रकाशांना मिळाले ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. विदर्भातील रुग्णास नागपूर वा मुंबई गाठावी लागे आणि पैसा संपला की उपचारही थांबत असे. वाशिम जिल्हा अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याच्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांतील बहुतेक लोक कोरडवाहू शेतीवर जगतात. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तीत शेजारचा अमरावती होता, वाशिम नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. केंद्र शासनाने २०१६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय अपोहन कार्यक्रम जाहीर केला. देशात दरवर्षी मूत्रपिंड-विफलतेचे २.२ लाख नवे रुग्ण होतात आणि सु. ४,९५० अपोहन केंद्रे बहुतांशी खाजगी व मोठ्या शहरांत आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले. वाशिम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

यंत्र गावाजवळ आले, तरी वाट आयत्या वेळी होत नाही. नालव्रण पक्व होण्यास सहा आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणून तो अपोहनाची गरज पडण्यापूर्वी काही महिने करावा लागतो. प्रत्यक्षात ग्रामीण रुग्ण बहुधा धाप लागल्यावर, अंग सुजल्यावर येतो आणि मानेतील नीलेत तात्पुरती नळी घालून त्याचे अपोहन सुरू करावे लागते. या नळीतून होणारा जंतुसंसर्ग व पुढे मोठ्या नीलांचे होणारे अरुंदन हे नालव्रणाच्या अपयशाचे एक कारण बनते. दुसरे कारण आपल्या खेड्यापाड्यांतील सवयीत आहे. अशक्तपणा वाटला की सलाइन लावून घेण्याची आणि ती मनगट वा कोपराच्या खळगीतील ठळक शिरेत लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. मूत्रपिंडाचा रोगी म्हणून माहीत असलेल्या माणसाच्या बाबतीतही ती पाळली जाते. ज्या नीलेवर पुढे त्याचे आयुष्य अवलंबून राहावयाचे, ती अशा प्रकारे आधीच कडक होऊन बुजते. अशा रुग्णास सुई तळहाताच्या मागच्या बाजूस टोचावी व कमी वापरला जाणारा, बहुधा डावा, हात राखून ठेवावा, एवढी खबरदारी कोणत्याही दवाखान्यात घेता येण्यासारखी आहे.

नालव्रणाच्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यातून तपासणीसाठी रक्त काढू नये, घट्ट बांगड्या वा कडे घालू नये, त्यावर डोके ठेवून झोपू नये व त्याने जड ओझे उचलू नये, असे रुग्णास सांगतात. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत शेवटची सूचना पाळणे मजुरास कठीण जाते. पाण्याचा निर्बंध त्याहूनही कठीण. लघवी थांबलेल्या माणसास दोन अपोहनांच्या मध्ये थोडेच पाणी पिता येते, आणि विदर्भाचा मे महिना सर्वश्रुत आहे. त्याच उन्हाळ्यात घाम व जुलाब यांमुळे किंवा यंत्राने एकदम जास्त पाणी काढल्यामुळे रक्तदाब फार उतरला, तर नालव्रणातील रक्त गोठते. रुग्णाने रोज सकाळी बोटे ठेवून थरथर लागते का, हे पाहावयाचे असते. ती थांबलेली आढळल्यास एक-दोन दिवसांत शल्यचिकित्सकाकडे पोहोचणे आवश्यक असते. त्यानंतर गुठळी काढून तोच जोड पुन्हा वाहता करणे क्वचितच साधते.